पांढऱ्याच्या पाच बायका

आमच्या घरात त्या वर्षी जेवताना रंगांची नावं घेतली जायची. ताटात चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, पडली की बाबा एक घास तोंडात घालायचे आणि विचारायचे, "हं, पांढऱ्यासंग कोन कोन?" मग भाकर थापता थापता आई, ताटावरून मी आणि दारात टेकलेली शांतामावशी, तिघी एका सुरात म्हणायचो, "निळा, संत्री, हिरवा, चॉकलेटी, राखी!" "अन् लालासंग?" "तेच! निळा, संत्री, हिरवा, चॉकलेटी, राखी!" शेजारचे लोक म्हणायचे, इलेक्ट्रिकवाल्याच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात करंट गेला. म्हणोत बिचारे. त्यांच्या घरात रोज तीच ती भांडणं चालायची आणि आमच्या घरात म्हातारपणाकडे झुकलेली माणसंसुद्धा नवीन काही शिकत होती. मला त्याचा तेव्हाही तोरा होता आणि आता साठी उलटून गेली तरी तो उतरलेला नाही.

आम्ही नागपूरला इमामवाड्यात राहत होतो. दोन खोल्या, आणि रस्त्याकडच्या खोलीचा पुढचा अर्धा भाग म्हणजे बाबांचं दुकान. पंख्याची वाइंडिंग, ट्यूबलाइटचे जळालेले चोक, इस्त्र्या, लग्नसराईत मंडपाची लाइटिंग. वाइंडिंगला लावायच्या वार्निशचा वास मागच्या फोडणीच्या वासात असा काही मिसळायचा, की मला आजही कुठे वार्निश लागलेलं दिसलं की आधी भूक लागते. बाबा आधी मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. कायमची नोकरी. ती त्यांनी आपल्या मनाने सोडली आणि दुकान टाकलं. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं, काही तर सांत्वनाला यावं तसे आईजवळ येऊन बसून गेले. आईने सगळ्यांना चहा पाजला आणि एकाही शब्दाने बाबांना दोष दिला नाही. मिलचा भोंगा मात्र आमच्या घरातून गेला नाही. तो वाजला की आई भाजी चढवायची, बाबांना आता कुठेच जायचं नसलं तरी.

शांतामावशी आईची धाकटी बहीण, भिंतीला भिंत लावून राहायची. तिचा नवरा, आमचा मावसा, कोराडीच्या वीजघरात कामाला होता. रोज बसने जायचा आणि बसने यायचा, आणि आला की त्याच्या सदऱ्यावर राखेची बारीक साय बसलेली असायची. मावशी तो सदरा दारातच उतरवून घ्यायची. राखी रंग आम्ही त्यावरूनच पाठ केला. मावसा माणूस भला, पण त्याचं एक तुणतुणं होतं. "भाऊजी, या न कोराडीले. ठेकेदाराकडे लावून देतो तुमाले. बंधा पगार, डोक्याले ताप नाही." बाबा हसून सोडून द्यायचे. पण दुकानात गिऱ्हाईक नसलं, की ते हसणं जरा उशिराने यायचं.

अशात वाडीचं काम आलं. अमरावती रोडवर, वाडीला, एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठजींचं मोठं गोडाऊन होतं. पुढे रस्त्यावर शेठजींची केबिन, मधे ट्रक तोलायचा काटा, आणि पार मागे माल चढवायचं शेड. एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला जायची नाही, म्हणून शेठजींनी मुंबईहून इंटरकॉम मागवला होता. मशीन केबिनमध्ये, फोन जागोजागी. तारा ओढायचं काम बाबांना मिळालं. बाबांनी घरं वायर केली होती, मंडप उजळवले होते, पण टेलिफोनच्या तारेला तोवर हात लावला नव्हता. "शिकून घेईन," ते शेठजींना म्हणाले. शेठजी म्हणाले, "सीखो भाऊ, मगर मेरे पैसे पे मत सीखो." बाबांनी ते घरी येऊन आम्हाला हसत सांगितलं, आणि आईचा चेहरा मात्र गंभीर झाला. हे काम साधलं तर शेठजींच्या ओळखीने वाडीतल्या सगळ्या गोडाऊनांची दारं उघडणार होती. बिघडलं, तर मावसाचा शब्द खरा करून दुकानाला कुलूप घालावं लागणार होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

केबल आली ती काळ्या जाड सापासारखी गुंडाळलेली. बाहेरचं आवरण सोललं की आत रंगीत बारीक तारा, दोन-दोनचा पीळ घातलेल्या. सीताबर्डीच्या केबलवाल्याने बाबांना तोंडीच समजावलं होतं: पाच जोड्यांत पांढरा, पाच जोड्यांत लाल, आणि त्यांच्या जोडीला तेच पाच रंग. पहिला फोन पांढरा-निळा, दुसरा पांढरा-संत्री, असं पुढे. बाबा घरी आल्याबरोबर सगळ्यांना ओळीने बसवून हे पाठ करून घेऊ लागले. शांतामावशीने ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. "अवं माय वं! म्हंजे या पांढऱ्याले पाच बायका? अन् लाल्यालेही पाच? अन् एवढ्या नांदून राहिल्या एका घरात?" झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तो पांढरा नवरा आणि त्याच्या पाच बायका, असंच चालू झालं. निळी मोठी, संत्री लाडकी, राखी बिचारी कोराडीहून आलेली. हसून हसून पुरेवाट. पण पाठ मात्र असं झालं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकलो नसतो.

वाडीला धूळ फार, ट्रक एकसारखे ये-जा करायचे, म्हणून केबलची दोन्ही टोकं घरीच तयार करायची असं बाबांनी ठरवलं. अख्खं भेंडोळं दुकानात ठेवलं आणि दोन्ही टोकं मागे स्वयंपाकघरात आईपुढे आली. माझ्या आईच्या बोटांबद्दल मी काय सांगू! ती शिंप्याची काज-बटणं आणि साड्यांचे फॉल करायची. बिस्किटांच्या डब्यात तिचे दोरे रंगवार लावलेले असायचे, एकात एक गेलेला दोरा तिला खपायचा नाही. माझ्या केसांत गुंता दिसला तर पाहुण्यांसमोर ओढून बसवायची. तर तिने त्या तारा पाहिल्या आणि पीळ पाहून नाक मुरडलं. "हा काय गचका केला कंपनीवाल्यायनं?" म्हणाली, आणि बसली. एकेक जोडी उलगडली, पार आवरणाच्या मुळापर्यंत, बोटांच्या चिमटीतून ओढून सरळ केली. मग पांढरे पांढऱ्यांत बांधले, लाल लालांत, निळे निळ्यांत. शेवटी केबलचं ते टोक असं दिसत होतं, जसं काही कोणी पोरीचे केस विंचरून पेड सोडून ठेवलेत. बाबा नुसते पाहत राहिले. "मिलच्या साहेबाले दाखवलं पायजे हे," म्हणाले.

मग बाबांनी बॅटरी आणि टॉर्चचा बल्ब घेतला. एका टोकाला तार लावायची आणि दुसऱ्या टोकाला तीच तार कुठली ते बल्ब पेटवून शोधायचं. बल्ब पेटला की शांतामावशी टाळी वाजवायची आणि मी तारेला चिंधी बांधायची. पहिला फोन, पांढरा-निळा. निळी हाताशी आली. बाबा पांढऱ्यांच्या जुडीकडे बघून थांबले. "यातला कोनता?" मावशी म्हणाली, "भाऊजी, नवरा एकच, बायका पाच. कोनताबी घ्या!" आम्ही सगळे खो खो हसलो. बाबाही. आणि त्यांनी जुडीतला पहिला हाताला लागला तो पांढरा घेतला, दोन्ही टोकांना तोच पांढरा आहे याची बल्ब पेटवून खात्री केली, आणि निळ्याला जोडला. रंग बरोबर. बल्ब बरोबर. तसेच सगळे.

बसवलं तेव्हा घंटी खणखणीत वाजली. बाबांनी एकेक फोन उचलून पाहिला, आवाज स्वच्छ. शेठजींनी पेढे वाटले. त्या संध्याकाळी आईने गोळाभात केला, वरून तेलाची फोडणी, आणि बाबांनी दोनदा मागून घेतला. दोनदा घेणं हे आमच्याकडे प्रशस्तिपत्रकच होतं.

पण बाबांनी एका वेळी एकच फोन लावून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कामाच्या गर्दीत दोन-दोन, तीन-तीन फोन एकदम चालू झाले, तेव्हा खरा तमाशा झाला. शेठजी केबिनमधून काट्यावरच्या मुनीमजींशी बोलत होते, की मागच्या शेडातल्या गुलाब मुकादमाला दिवाळी झाली की काढून टाकू, त्याच्या जागी आपला माणूस बसवू. त्याच वेळी हा गुलाब मुकादम शेडातून गेटवरच्या चौकीदाराशी बोलत होता. आणि चौकीदाराच्या आवाजामागून त्याला, बारीक पण अगदी स्पष्ट, शेठजींचा आवाज येऊ लागला. त्याने चौकीदाराला म्हटलं, "चूप बे!" आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग रिसीव्हर आपटला, शेडात जाऊन पोत्यावर बसला, आणि त्याच्यामागे सगळे हमाल बसले. ट्रक रस्त्यापर्यंत उभे राहिले.

शेठजींनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा परत आले ते दुकानात न थांबता सरळ मागे येऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. हळूहळू कळलं. शेठजी म्हणाले होते, "ये क्या लगाया तुमने भाऊ? फोन लगाया कि भोंगा लगाया? मेरे घर की बात हमाल सुन रहे हैं." सोमवारपर्यंत ठीक झालं नाही तर सगळ्या तारा उपटून फेकणार, आणि मुंबईच्या कंपनीला बोलावणार. त्यावर वाडीतल्या प्रत्येक गोडाऊनवाल्याला सांगणार, की इमामवाड्याच्या या माणसाला दारात उभं करू नका. बाबांनी तिथेच पुन्हा बल्ब लावून प्रत्येक तार तपासली होती. एकही चुकीची नव्हती. "सगळं बरोबर हाये, तरी सगळं फुटून राहिलं," ते भिंतीला सांगत होते. मावसा संध्याकाळी आला, सदरा उतरवला आणि दारातून हळूच म्हणाला, "भाऊजी, मंग बोलू काय ठेकेदाराशी?" या खेपेला बाबा हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी सांगतो." आईच्या हातातली पळी थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई केबलच्या उरलेल्या वीतभर-हातभर तुकड्यांचं दिवाळीसाठी तोरण विणायला बसली. हात रिकामे ठेवणं तिला जमत नसे, आणि दुःखात तर मुळीच नाही. तिला नुसते पांढरे पाहिजे होते. मी आवरण कापून दिलं, ती तुकड्यातून पांढरी तार ओढायला लागली. पांढरी येईना. ओढली की मागोमाग निळी यायची. "सुट न मेल्या," ती म्हणाली. मी दुसरी ओढली, तर तिच्यामागे संत्री. तिसरी ओढली, हिरवी. मी त्या वर्षी विज्ञान शाखेची बारावी पास होऊन कॉलेजात गेले होते, पण त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही, उपयोग झाला तो माझ्या खोडीचा. मला कोणतीही वस्तू हातात आली की ती अशी का बनवली हे विचारायची वाईट खोड होती. मी तीन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या. निळ्याचा पीळ घट्ट होता, संत्रीचा जरा सैल, हिरव्याचा आणखी वेगळा. म्हटलं, काहून? कंपनीला काय रिकामे धंदे आहेत? सगळे पांढरे सारखेच असते, कोणतापण चालला असता, तर प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या रंगासोबत, इतक्या मेहनतीने, वेगवेगळा पीळ कशाला घातला असता?

"आई," मी म्हटलं, "पांढरा एक नाही. पांढरे पाच हायेत. अन् प्रत्येकाले एकच बायको हाये. आपन त्यायले दुसऱ्याच्या घरात घातलं."

पीळ आवाज कसा अडवतो याचं शास्त्र मला पुष्कळ नंतर कळलं. एका बोलण्याच्या दोन तारा जन्मभर एकमेकींभोवती फिरत राहिल्या, तर बाहेरचा आवाज दोघींवर सारखाच पडतो आणि फोनपाशी येऊन मिटून जातो. एक तार इथली आणि दुसरी शेजारच्या जोडीतली घेतली, की शेजारच्यांचं सगळं आपल्या घरात. बल्बला हे दिसत नाही, बल्ब नुसता पेटतो. पुढे बुटीबोरीच्या कारखान्यांत मी कॉम्प्युटरच्या केबल टाकल्या तेव्हा इंजिनिअर झालेली पोरं हीच चूक करून माझ्याकडे यायची: "मॅडम, टेस्टर पास होतो, पण काम रेंगाळतं." त्या केबलीत चारच जोड्या असतात. निळी, संत्री, हिरवी, चॉकलेटी, सगळ्या जुन्या ओळखीच्या, राखी तेवढी नाही. आणि कंपनीवाल्यांना आता अक्कल आली आहे, प्रत्येक पांढऱ्यावर त्याच्या बायकोच्या रंगाचा पट्टा ओढून देतात. तरीही पोरं चुकतात! मी त्यांना आधी पीळ दाखवते आणि मग रंग सांगते. पोरं आपसात हसतात, पण पुन्हा चुकत नाहीत.

आईने माझं बोलणं ऐकलं आणि हातातलं तोरण खाली ठेवलं. तिला शास्त्र लागलंच नाही. "म्हंजे तो गचका नव्हता," म्हणाली. "म्या उकलला, म्हून झालं हे." मला तिच्याकडे बघवेना. ज्या कामाचं बाबांनी तेवढं कौतुक केलं, तेच आता तिच्या अंगावर आलं होतं. मी काही समजुतीचं बोलणार, तेवढ्यात ती उठली, हात धुतले, खुंटीवरची बाहेर नेसायची साडी काढली आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाबांना म्हणाली, "अवो, उठा. वाडीले जाऊ."

"तिकडे? तिकडे बायका नाही जात वं. टरकवाले, हमाल..."

"त्यायच्या घरी माय-बहिनी नाहीत काय? पीळ म्या काढला, म्याच पाहीन." मग जरा थांबून, "केबल पुरते काय, थे सांगा. टोक अजून सोलाव लागन."

बाबा उठून बसले. त्यांची एक सवय होती, मिलमधली. कुठलीही तार बसवताना पेटीपाशी हातभर सैल गुंडाळून ठेवायचे, उद्या कोणाला लागली तर. "पुरते," ते म्हणाले. "दोन्हीकडे हात-हातभर हाये." आणि चपला शोधू लागले.

वाडीला उतरलो तेव्हा मी आईचा हात धरला होता की तिने माझा, कोण जाणे. डिझेलचा वास, गुळाच्या भेल्यांचा वास, संत्र्यांच्या पेट्या, आणि ट्रकांच्या हॉर्नमध्ये माणसांनी मारलेल्या हाका. आम्ही आत शिरलो तशी शेडातली सगळी बोलणी बंद पडली. गुलाब मुकादम पोत्यावरून उठला. कल्ले राखलेला, भरदार माणूस. शेठजींनी त्याची समजूत काढली होती, पण तो अजून फुगलेलाच होता. मला वाटलं, आता हा आमच्यावर उखडणार. तो आईपुढे येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या तारेनं माहं भलंच केलं. नाही तं दिवाळी झाल्यावर कळलं असतं." आणि हमालांकडे वळून ओरडला, "अबे, पाहून काय राहिले? पेटी आना बसाले! पानी आना!" संत्र्याची एक उलटी पेटी आली, तिच्यावर कोणी तरी स्वतःचा दुपट्टा अंथरला, आणि माझी आई त्या ट्रकवाल्यांच्या राज्यात तारांच्या पेटीपुढे बसली.

शेठजी केबिनमधून आले. "अब घर की औरतें काम करेंगी क्या?" बाबांचा चेहरा पडला. मीच बोलले. तशी मी तोंडाची फटकळ, आणि त्या दिवशी तर भीतीने जास्तच. म्हटलं, "शेठजी, बिगाडा भी घर में ही था, सुधरेगा भी घर से ही. शाम तक रुको." मुकादम मागून खोकला. शेठजींनी घड्याळ पाहिलं आणि ते केबिनकडे निघून गेले.

बाबांनी आवरण वीतभर मागे सोललं. आत पीळ शाबूत होता. आईने पहिली जोडी चिमटीत धरली आणि बाहेरच्या मोकळ्या टोकांपर्यंत न सोडता ओढत आणली, जशी आपण गर्दीत लेकराचं मनगट धरून नेतो. पांढरा आणि निळी. तिथेच तिने दोऱ्याने त्यांना गाठ मारली आणि मगच पुढची जोडी धरली. त्यात एक पांढरा निसटला, तर तिने स्वतःलाच शिवी हासडली आणि तो पुन्हा मुळाशी जाऊन शोधला. ट्रक येत होते, धूळ उडत होती, हमाल चहा आणून ठेवत होते आणि तो निवत होता. शेडाकडचं टोक झालं, मग आम्ही केबिनकडच्या टोकाला गेलो आणि तेच पुन्हा. तिथे शेठजी खुर्चीत बसून होते आणि माझी आई त्यांच्या पायांशी नाही, तर त्यांच्या टेबलावर तारा पसरून काम करत होती. तिने विचारलंही नाही. त्यांचे कागद तिने एका हाताने बाजूला सारले, जसे घरी पाटावरचे पसारे सारायची, आणि शेठजींनी मुकाट्याने दौत उचलून घेतली. मला त्या क्षणी असं वाटलं, की साऱ्या नागपूरला हाक मारून सांगावं, ही माझी आई आहे.

उन्हं उतरली तेव्हा बल्ब लावून झाले. आता खरी परीक्षा. शेठजी म्हणाले, शेडातल्या फोनवर मुकादमाने कान लावावा. गुलाब मुकादम हात जोडून म्हणाला, "मी नाही जी. माहे कान पहिलेच बदनाम झाले. बाईच आयकतीन." म्हणून आई शेडात. तिने तोवर जन्मात फोन हातात धरला नव्हता. मुकादमाने तो तिला नीट धरायला शिकवला, पलीकडे गेटवर चौकीदार रिसीव्हर धरून गप्प उभा, आणि शेठजी आईच्या शेजारी हाताची घडी घालून. मी काट्यावर. बाबा केबिनमध्ये, एकटे.

"एक, दोन, तीन, चार," बाबांचा आवाज माझ्या कानात आला. "आयकू येते काय सुमे?"

"येते न बाबा."

"तिकडे? तुह्या मायले?"

मी काट्यावरून शेडाकडे पाहिलं. आई रिसीव्हर कानाशी दोन्ही हातांनी दाबून, डोळे मिटून, सगळा जीव कानात आणून उभी होती. तिने मान हलवली. नाही. "नाही जाऊन राहिलं वाटते," मी म्हटलं. "बोलत राहा."

बाबांनी केबिनमधली खुर्ची ओढली, तिचा आवाज फोनमध्ये आला. मग म्हणाले, "काय बोलू? ... सुमे, मी मिल सोडली तवा सारे म्हनत होते, हा पागल झाला. तिनं एक शब्द नाही म्हटला. आजही नाही म्हटला. तिच्या बोटाइतके हुशार बोटं म्या मिलमधी कोनाचे नाही पाहिले. अन् तुहं डोकं तिचंच हाये, माहं नाही. मले तुमा दोघीचा लय गर्व वाटते. तोंडावर नाही बोलता येत मले. तिच्यापुढे तं मुळीच नाही." मग घसा साफ केला आणि पुन्हा, "एक, दोन, तीन, चार."

माझ्या डोळ्यांपुढचा काटा, ट्रक, सगळं पाण्यात गेलं. आणि शेडातून आईचा आवाज आला, फोनमधून नाही, अर्धं आवार ओलांडून, उघड्या गळ्याने: "काहीच नाही येऊन राहिलं! एक अक्षर नाही आलं! आयकलं काय वो? एक अक्षर नाही!" हमालांनी टाळ्या पिटल्या. शेठजींनी तिच्या हातातून फोन घेतला, स्वतः कान लावून पाहिला, बराच वेळ. मग म्हणाले, "बराबर है. बंबई वालों को मना कर देता हूँ." बाबा केबिनमधून धावत बाहेर आले, तर आई त्यांना तीच ती गोष्ट सांगत होती, की पहा, तुम्ही इतकं बोलले आणि मला काही म्हणजे काही आलं नाही, आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की मी तो माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नाही. "काय बोलत होते तुमी एवढं?" तिने विचारलं. "काही नाही," बाबा म्हणाले. "एक, दोन, तीन, चार."

परतीच्या बसमध्ये आम्हा दोघींना बसायला जागा मिळाली. बाबा दोन आसनं पुढे, दांडा धरून उभे होते. मला काही राहवेना. मी आईच्या कानाशी लागून तिला सांगितलं, बाबा फोनवर काय म्हणाले ते, शब्द न् शब्द. मिलचं, बोटांचं, गर्वाचं, तोंडावर बोलता येत नाही तेही. ती मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली. बोटांची टोकं तारांनी काळी झाली होती आणि एका ठिकाणी चीर पडून रक्त सुकलं होतं. तिने पदराने ती पुसली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली,

"पुन्हा सांग वं. टरकायच्या आवाजात नीट आयकू नाही आलं."

तिला नीट ऐकू आलं होतं. मी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी जरा मोठ्याने सांगितलं. दोन आसनं पुढे बाबांचे कान लाल झाले, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.